लाडूच्या पेटीत काय अंथरायचं? रॉयल पायथनच्या बेडिंगचं एक प्रकरण

घरच्यांना विचारून लिहितोय. माणसांची नावं आणि शहर गाळलंय. सापाचं नाव तेवढं खरं आहे, कारण ते बदललं तर काकाशी, म्हणजे माझ्याशी, बोलणार नाही अशी त्या घरच्या मुलीची धमकी मिळालीये.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलँड्समधलं एक शहर, नोकरी करणारं मराठी जोडपं आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी. पोरगी तीन वर्षं साप साप करत होती, आईबापाला वाटलं विसरेल, ती काही विसरली नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जवळच्याच गावात एक गृहस्थ हा छंद सोडत होते, त्यांच्याकडून रॉयल पायथन घेतला, नर, दीड वर्षाचा, ६४० ग्रॅम. इथे १६ वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकता येत नाही, २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातच तसं आहे, त्यामुळे सापाची मालकीण आई, जिला पालीचीसुद्धा भीती वाटते. मी त्याच शहरात राहतो, गेली नऊ वर्षं साप पाळतोय, आणि मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली असल्याने असले फोन मलाच येतात.

रॉयल पायथन म्हणजे आफ्रिकेतला एक छोटा अजगर, अमेरिकेत ज्याला बॉल पायथन म्हणतात तोच. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून नाव लाडू. (भारतातून कोणी वाचत असेल तर आधीच सांगतो, आपल्याकडची धामण असो की अजगर, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे वाचून कोणी शेतातलं काही उचलून आणू नका.)

सापाबरोबर सगळं सामानही आलं. चार फूट बाय दोन बाय दोनची लाकडी पेटी, पुढे सरकत्या काचा, मागे दोन जाळ्या. एका टोकाला जमिनीवर हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई, तिला तापमान राखणारा थर्मोस्टॅट. भिंतीला चिकटवलेलं, हवेतला दमटपणा दाखवणारं काट्याचं गोल ह्युमिडिटी मीटर. लपायला दोन गुहा, एक गरम बाजूला एक थंड बाजूला. आणि अ‍ॅस्पेनच्या भुशाची अर्धी गोणी. अ‍ॅस्पेन म्हणजे पॉप्लरचा भाऊबंद, त्याची सुताराच्या रंध्यातून निघते तशी पातळ कुरळी साल असते, पांढरट, कोरडी, वास नाही. ती दोन बोटं जाड अंथरलेली होती.

आणि हो, फ्रीजरच्या खालच्या खणात गोठवलेले उंदीर, वरच्या खणात उकडीचे मोदक. यावर मंडळात जे जे विनोद व्हायचे ते सगळे होऊन गेलेत, तुम्ही नवीन करू नका.

अडचण कशी सुरू झाली

सप्टेंबर ऑक्टोबर छान गेला. साप खात होता, रात्री फिरत होता, भुशात बोगदे करत होता. ऑक्टोबरअखेर घरातलं हीटिंग सुरू झालं आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लाडूने कात टाकली ती तुकड्या-तुकड्यांनी. पाठीवर चिकटलेले पापुद्रे, शेपटीच्या टोकाला टोपी, आणि डाव्या डोळ्यावरची काच तशीच राहिली. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात निघताना त्याचीही वरची पातळ काच निघून यायला हवी. ती राहिली की डोळा सुरकुतलेल्या सेलोटेपमागे असल्यासारखा दिसतो.

तेव्हा मला पहिला फोन आला. मी ऑफिसातून निघत होतो, गाडीत बसता बसता बोललो, "कोरडं झालंय, स्प्रे वाढवा, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, सुटेल." बास. पेटीला उष्णता कुठून येते, बेडिंग कुठलं, ह्युमिडिटी कशाने मोजताय, यातलं एकही विचारलं नाही. हे पुढे परत येणारच आहे.

कोमट पाण्याने पाठीवरचे पापुद्रे सुटले, डोळ्यावरची काच नाही. मग घरच्यांनी दिवसातून दोनदा स्प्रे मारायला सुरुवात केली. मीटर ६० टक्के दाखवत होतं, सगळे खूश.

डिसेंबरात दापोलीहून आजी आल्या (थंडीत कशाला आणलंत हे त्या अजून ऐकवतात). आल्या त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगो, तुमच्या हॉलमध्ये ओलं गोणपाट कुजल्यासारखा वास येतोय." घरच्यांची नाकं सरावलेली, कोणाला काही कळत नव्हतं. थंड बाजूची गुहा उचलली तर खाली भुशाला राखाडी बुरशी आणि भुसा ढेकळासारखा घट्ट झालेला.

आईने मग जे कोणीही करेल तेच केलं. सगळा भुसा फेकला, जवळच्या दुकानातून "प्राण्यांसाठी" असं लिहिलेली भुशाची मोठी गोणी आणली आणि पेटीत ओतली. ती सशांसाठीची होती, पाइनची, वर सुगंध घातलेला. लाडू तीन दिवस पेटीतल्या फांदीवर चढून बसला, खाली उतरेना. वासामुळे की आणखी कशामुळे, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बहुतेक वेळ जमिनीवर राहणारा हा प्राणी, तो तीन दिवस वर बसलाय म्हणजे खाली त्याला काहीतरी नको झालंय एवढं कळतं. ६ जानेवारीला मला दुसरा फोन, यावेळी पोरीचा, आणि ती रडत होती.

आधी मोजलं

त्या संध्याकाळी गेलो. पहिलं काम म्हणजे पाइन बाहेर. यावर विचार करत बसायची गरज नव्हती. सीडरच्या लाकडाचा भुसा तर सापांना विषारीच धरतात, त्याच्या तेलाची वाफ श्वासावाटे त्रास देते. पाइन भट्टीत वाळवलेलं असलं तर चालतं की नाही यावर पाळणारे लोक वर्षानुवर्षं भांडतायत, पण वरून सुगंध घातलेलं पाइन बंद पेटीत ठेवायचं नाही, यावर भांडण नाही. किचन रोलचे कागद अंथरले आणि मग साप हातात घेतला.

पोट उलटं करून पाहिलं तर मधल्या भागात पाच खवल्यांच्या कडा तपकिरी झालेल्या. ओल्या बेडिंगवर बसून बसून पोटाच्या खवल्यांना जो संसर्ग होतो त्याची सुरुवात. आता गंमत बघा, त्याच सापाची कात कोरडेपणामुळे अडकली होती. वरून सुकलेला, खालून भिजलेला. एकाच पेटीत दोन्ही कसं?

मी माझी इन्फ्रारेड गन (लांबून रोखली की तापमान दाखवते) आणि डिजिटल ह्युमिडिटी मीटर नेलं होतं. उरलेल्या जुन्या अ‍ॅस्पेनचा तसाच दोन बोटं थर गरम बाजूला टाकला, तासभर थांबलो. भुशाच्या वर ३० अंश. भुसा बाजूला करून मॅटवर गन धरली तर ४३. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, भुशाच्या वर पडलेला, त्यामुळे त्याला वाटायचं अजून गार आहे, चालू ठेव. साप खाली बोगदा करून गेला असता तर पोट भाजलं असतं, नशीब थोर. गरम गुहेतली ह्युमिडिटी ३४ टक्के. थंड बाजूला, जिथे मॅट नाही आणि सगळा स्प्रे जाऊन बसायचा, तिथे त्याच दिवशी परत पहिल्यासारखा स्प्रे मारून भुशालगत मोजलं, ८८. एक बाजू पापड, दुसरी बाजू पावसाळ्यातली मोरी. लाडू ऊब घ्यायला दिवसभर पापडावर बसायचा, रात्री मोरीत जायचा.

आणि भिंतीवरचं मीटर? ६०. सुरुवातीपासून ६०. शंका आली म्हणून मिठाची चाचणी केली, ही सगळ्यांनी करून बघा, फुकट आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचं. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी पोरीने फोटो पाठवला, माझं डिजिटल ७३ दाखवत होतं म्हणजे २ ची चूक. काट्याचं ६०. टिचकी मारल्यावर ५८. तीन साडेतीन महिने अख्खं घर एका अडकलेल्या काट्यावर विश्वास ठेवून स्प्रे मारत होतं.

बाप म्हणाला, "पण इथे तर कायम पाऊस, हवा दमट, पेटी कोरडी कशी पडेल?" हा प्रश्न इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला पडतो. बाहेर शून्य अंशाला ९० टक्के दमट असलेली हवा घरात येऊन २१ अंशाला तापली की तिची ह्युमिडिटी २२ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच असतं, हवेची पाणी मागायची भूक वाढलेली असते. घरात स्वयंपाक, अंघोळी, माणसं, म्हणून प्रत्यक्षात ३५-४० राहते. हिवाळ्यात आपले ओठ फुटतात ते याच कारणाने.

डोळ्याचं काय करायचं

बापाने चिमटा आणून ठेवलाच होता, स्टीलचा, टोकदार. व्हिडिओत बघितलं होतं म्हणे. इथे मी जरा आवाज चढवला हे कबूल करतो. अडकलेल्या काचेखाली खरा खवला असतो आणि दोन्ही सारखेच दिसतात, चुकून खालचा ओढला तर डोळा गेला. सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट चाळीस मिनिटांवर होता, ९ तारखेची वेळ मिळाली.

व्हेटने सांगितलं ते असं. डोळ्याला हात लावू नका, पुढच्या कातीबरोबर निघेल, नाही निघाली तर मग बघू. पोटाचं प्रकरण वरवरचं आहे, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं आयोडीन दिवसातून एकदा, आणि तीन आठवडे खाली पूर्ण कोरडं. छाती ऐकली, तोंड उघडून पाहिलं, चिकटा नाही, घरघर नाही. सुटलो.

पर्याय

तीन आठवडे मिळाले होते, तेवढ्यात कायमचं बेडिंग ठरवायचं होतं. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत आणि प्रत्येकाच्या मतात काहीतरी तथ्य, त्यामुळे त्यांच्याच क्रमाने सांगतो.

आईला कागद हवा होता. स्वच्छ, घाण लगेच दिसते, काढून फेकला की झालं. आजारी सापाला, नव्या सापाला कागदासारखं दुसरं काही नाही, माझ्याकडेही नवा साप आला की पहिले दोन महिने कागदच. पण लाकडी पेटीत मागे दोन जाळ्या असताना कागद पाणी धरून ठेवू शकत नाही, आणि सापाला खाली शिरायला काही मिळत नाही. कायमसाठी नको म्हटलं.

पोरीला अ‍ॅस्पेनच हवं होतं कारण लाडू त्यात बोगदे करतो आणि नाक तेवढं बाहेर ठेवतो, ते तिला फार आवडायचं. अ‍ॅस्पेनला मी कधीच नावं ठेवणार नाही, माझ्याकडच्या कॉर्न स्नेकला आजही तेच आहे. मऊ, बोगदा ढासळत नाही, चिकट तेल नाही. पण ते कोरडं ठेवायचं बेडिंग आहे. भिजवलं की तीन-चार दिवसांत बुरशी. कॉर्न स्नेकला ४०-५० टक्के चालतात, रॉयलला पाळणारे लोक ६० ते ८० ठेवतात. म्हणजे अ‍ॅस्पेन वाईट नव्हतं, साप चुकीचा होता.

बापाला बायोअ‍ॅक्टिव्ह. खाली निचऱ्याचा थर, वर माती, झाडं, दिवा, सापाची घाण खाणारे बारीक किडे. दोन रात्री जागून त्याने एक्सेल शीट बनवली होती. मला स्वतःला हा प्रकार आवडतो. पण पोटाला जखम असलेला साप, नुकतंच हाती आलेलं खरं मीटर, आणि ज्यांना अजून पेटीत पाणी किती घालायचं ते माहीत नाही अशी माणसं, तेव्हा आत्ता नको. झाडं जगवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात परत मोरी झाली असती आणि कशामुळे झाली ते कळलं नसतं. शीट ठेवून दे, पुढच्या वर्षी बघू.

वाळू आणि रेप्टाइल कार्पेट यावर वेळ घालवला नाही. हा वाळवंटातला साप नाही, आणि कार्पेट म्हणजे घाण शोषून घेणारी सतरंजी.

आणि आजी. त्या सोफ्यावरून म्हणाल्या, "माती टाका की. साप वारुळात राहतो." सगळे हसले. मी नाही हसलो, कारण त्या बरोबर होत्या. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगो-बेनिनकडे, रॉयल पायथन दिवसा खरंच उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात पडून असतो. नागपंचमीला बायका ज्याला पूजतात तसलंच वारूळ. बाहेर ऊन कितीही कडक असलं तरी आत ऊब आणि ओल टिकून राहते, आणि वरचा पापुद्रा कोरडा. म्हणजे आपल्याला हवं होतं ते असं, खाली ओल, वर कोरडं, आणि सापाला आत शिरता येईल इतकी खोली. नुसतं "दमट बेडिंग" म्हणून गोणी बदलली असती तर हे हाती लागलं नसतं.

तसं करणारी दोन बेडिंग सहज मिळतात, ऑर्किड बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) आणि नारळाचं. बार्क चांगलं, पण दोन फूट रुंद पेटीत जाड थर द्यायचा तर महाग पडत होतं. नारळाचं दोन रूपांत येतं. एक भुगा, म्हणजे कोकोपीट, विटा मिळतात. दुसरे तुकडे, अंगठ्याच्या नखाएवढे. भुगा पाणी भरपूर धरतो पण सुकला की उडतो, आणि रॉयलच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखायच्या खाचा असतात त्यात जाऊन बसतो. तुकडे उडत नाहीत, पण एकटे तेवढी ओल धरत नाहीत. खाली भुगा, वर तुकडे असं ठरलं. बागकामाची वीट घेणार असाल तर खत मिसळलेली नाही ना तेवढं पाकिटावर बघा.

मॅटचा पेच

इथे सगळं अडलं असतं. बेडिंग ठरलं, पण जमिनीवरची मॅट तशीच ठेवून वर आठ सेंटिमीटर ओलं कोको टाकलं असतं तर? उष्णता वर पोचत नाही, प्रोब म्हणतो गार आहे, मॅट खाली तापत राहते, आणि साप बोगदा करत बरोबर तिच्यावर जाऊन बसतो. जाड थर आणि खालची मॅट एकत्र नांदत नाहीत. बेडिंग निवडायला निघालेले लोक हीटर बदलायची तयारी ठेवत नाहीत, कारण हीटरला पैसे लागतात आणि गोणीला कमी. इथेही आई म्हणालीच, "भाऊ, फक्त भुसा बदलायचा होता ना?"

म्हटलं वहिनी, थर पातळ ठेवायचा असेल तर मॅट ठेवा, पण मग ओल नुसती बोलण्यातच राहील. दोन दिवस विचार केला त्यांनी. मग पेटीच्या छताला सिरॅमिक हीटर (उजेड नाही, नुसती ऊब), त्याला जाळीचं कव्हर (हे नसेल तर साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजतो, अजिबात सूट नाही), आणि त्याला चालणारा नवीन पल्स थर्मोस्टॅट. वरून येणारी उष्णता हवा आणि वरचा थर सुकवते, हा तोटा आहेच, पण आपल्याला वर कोरडंच हवं होतं. तोटा आपल्या कामी आला.

काय केलं

तीन आठवडे लाडू प्लॅस्टिकच्या मोठ्या झाकणाच्या डब्यात, बाजूला भोकं पाडलेली, खाली एक तृतीयांश भागापुरती जुनी मॅट, प्रोब मॅटला चिकटवलेला, तळाला कागद. डबा प्लॅस्टिकचा, भोकं मोजकी, आत पाण्याचं रुंद भांडं, त्यामुळे कागद कोरडा ठणठणीत आणि हवा तरीही ६० च्या वर. पोटाला कोरडं आणि कातडीला दमट, दोन्ही एका स्वस्त डब्यात जमलं. नऊ वर्षांत मला डब्यांचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

तोवर पेटी रिकामी. आतल्या सगळ्या सांध्यांना मत्स्यालयाचं सिलिकॉन भरलं, कारण ही पेटी म्हणजे लॅमिनेट लावलेला भुशाचा बोर्ड, पाणी शिरलं की पावासारखी फुगते. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत पाच दिवस काचा उघड्या. पुढची लाकडी पट्टी नऊ सेंटिमीटरचीच निघाली, त्यामुळे मनातला दहाचा थर आठवर आणावा लागला, सहा भुगा दोन तुकडे.

हिशोब: १२० बाय ६० सेंटिमीटर जमीन, सहा सेंटिमीटर थर, म्हणजे ४३ लिटर. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते, पाच विटा लागल्या. त्या एका शनिवारी बाथटबमध्ये भिजत घातल्या, घरात कोणाच्याच अंघोळी नाहीत. आजी बघायला आल्या, मूठभर उचललं, बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "हे तर सोडणाचं भुसकट! आमच्याकडे पाणी तापवायला चुलीत घालतो. याला तुम्ही पौंड मोजता?" मग त्यांनीच ते पिळून दाखवलं. किती पिळायचं याचं माप मी शब्दांत सांगत होतो, त्यांच्या हाताला ते आपोआप आलं. मुठीत दाबलं की गोळा व्हायला हवा, पाणी टपकायला नको, बोटाने टोचलं की गोळा फुटायला हवा.

पेटी भरून तीन दिवस साप न ठेवता चालवली. गरम गुहेत ६६, थंड बाजूला ७४, वरच्या तुकड्यांना हात लावला तर कोरडे. हीटरखाली ३२ अंश, थंड टोकाला २५. व्हेटने पोटाचा फोटो बघून हो म्हटलं आणि ३० जानेवारीला लाडू आत गेला. दहा मिनिटं काठाकाठाने जीभ लपलपवत फिरला आणि कोपऱ्यातून आत शिरला तो दुसऱ्या दिवशी रात्रीच दिसला.

स्प्रेची बाटली मी चक्क घरी घेऊन आलो. पाणी वरून मारायचं नाही, चार कोपऱ्यांत तळाशी ओतायचं, एकूण लिटरभर, साधारण दहा दिवसांनी, मीटर ६० खाली जायला लागलं की.

निकाल

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डोळे दुधी झाले, मग निवळले, आणि ११ तारखेला सकाळी कात. एकसंध, मोजा काढताना उलटा होतो तशी उलटी, सापापेक्षा वीतभर लांब, कारण निघताना ताणली जाते. पोरीने ती टेबलावर पसरली आणि पहिलं डोकं बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या जागी काचेच्या टिकल्या होत्या, आणि डावीवर एक जास्तीचा, सुरकुतलेला थर चिकटून आलेला. नोव्हेंबरचा. तिने तो उजेडात धरून मला व्हिडिओ कॉल केला, मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला.

पोटाच्या खवल्यांच्या कडा अजून जरा गडद आहेत पण पसरल्या नाहीत, दर कातीला फिकट होतायत. वजन या सगळ्यात ६०५ पर्यंत उतरलं होतं, २० फेब्रुवारीला खाल्लं, एप्रिलअखेर ६८०.

मार्चमध्ये एकदा रात्री पावणेबाराला घाबरा व्हिडिओ आला, कोकोवर शेकडो पांढरे ठिपके हलतायत, गोचिड झाले का? स्प्रिंगटेल होते, निरुपद्रवी, बुरशी खातात, फुंकर मारली की उडी मारतात. सापाच्या गोचिडी, म्हणजे माइट, काळ्या असतात, बारीक, आणि बेडिंगवर कमी, सापाच्या हनुवटीखाली, डोळ्याच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेल्या जास्त दिसतात. बाप खूश, म्हणाला बायोअ‍ॅक्टिव्हची सुरुवात आपोआप झाली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझा नोव्हेंबरचा फोन. "स्प्रे वाढवा" हा सल्ला कोको असता तर चालून गेला असता, अ‍ॅस्पेनवर त्याने बुरशी आणि पोटाचा संसर्ग दोन्ही आणले. फोनवर तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागली असती. आता कोणी ह्युमिडिटीचं विचारलं की मी आधी गरम बाजूचा आणि थंड बाजूचा, बेडिंगला टेकवून काढलेला मीटरचा फोटो मागतो, त्याशिवाय तोंड उघडत नाही.

साप घरी आला त्याच दिवशी कागदावर ठेवला असता आणि मीटरची मिठाची चाचणी केली असती तर काटा अडकलेला सप्टेंबरातच कळला असता. जुन्या मालकाकडून आलेलं सामान चालू आहे म्हणजे बरोबर आहे असं सगळ्यांनी धरलं. त्या गृहस्थाचंही फार चुकलं असं नाही, त्याच्याकडे ती पेटी बहुतेक वेगळ्या खोलीत, वेगळ्या हवेत चालत असेल.

पाइनची गोणी आणायच्या आधी एक फोन केला असता तर बरं झालं असतं, पण नोव्हेंबरच्या माझ्या सल्ल्याने बुरशी आलेली असताना त्यांनी मला परत का विचारावं? आईने हे मला तोंडावर सांगितलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक निर्णय मात्र मी अजून घोळवतोय. डब्यातच साप इतका सुखात होता, पोट बरं होत होतं, तर पेटीची घाई करायची गरज होती का? पहिली चांगली कात डब्यात होऊ द्यायची आणि मग हलवायचं, हे जास्त सावध झालं असतं. पोरीची चुळबुळ बघून आम्ही लवकर हलवलं. निभावलं, पण कात पेटीत अडकली असती तर दोष कोकोला द्यायचा की हलवण्याच्या ताणाला, हे सांगता आलं नसतं.

सध्या

मेपासून घरातलं हीटिंग बंद आहे, पेटी स्वतःहूनच ७० च्या आसपास राहते, त्यामुळे पाणी तीन आठवड्यांतून एकदा आणि तेही अर्धा लिटर. मागच्या डाव्या कोपऱ्यात सिलिकॉन थोडं सुटलंय, पुढच्या साफसफाईला परत भरायचंय. सहावी वीट शिल्लक होती. ती आजींनी जाताना बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घातली, म्हणाल्या सापाला चालतं तर याला का नाही, आणि कढीपत्ता खरंच फुटलाय.